पहिल्या फेरीतल्या मुली

टेनिसची स्पर्धा बघायची तर अंतिम सामना बघावा, असं सगळे म्हणतात. मला मात्र रविवारी सकाळी, स्पर्धा अजून नीट सुरूही झालेली नसताना, डेक्कन जिमखान्यावर जाऊन बसायला आवडतं. तेव्हा क्वालिफाइंगचे, म्हणजे मुख्य स्पर्धेत जागा मिळवण्यासाठीचे, सामने चालू असतात. खुर्च्या बऱ्याचशा रिकाम्या असतात. हातात चहाचा कप घेऊन कुठल्याही कोर्टाच्या जाळीशी उभं राहता येतं, खेळणाऱ्या मुलीचा श्वास आणि बुटांची करकर ऐकू येईल इतक्या जवळ. समोर जी खेळत असते तिचं नाव बहुतेक पुणेकरांनी कधी ऐकलेलं नसतं. मीही आदल्या रात्री ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळणार ती यादी, बघताना पहिल्यांदा वाचलेलं असतं.

डेक्कनवरची ही महिलांची आयटीएफ, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची, स्पर्धा दोन दशकांहून जास्त काळ चालत आली आहे. तिच्यामागे एनईसीसी आहे, म्हणजे देशभरातल्या अंडी उत्पादकांची समिती. कुक्कुटपालन करणाऱ्यांच्या संस्थेनं इतकी वर्षं स्त्रियांच्या एकेरी टेनिसला हात द्यावा, याचं मला अप्रूप आहे आणि त्याहून जास्त कृतज्ञता आहे. या स्पर्धेतून प्रायोजकाला फार काही मिळत नसणार. टीव्हीवर सामने दिसत नाहीत, मला तरी कधी तिकीट काढावं लागलेलं नाही आणि बाहेर रस्त्यावरून जाणाऱ्यांना आत काय चाललंय याचा पत्ता नसतो. तरीही जगाच्या कानाकोपऱ्यातून मुली इथं येतात, कारण इथं गुण मिळतात.

ते गुण काय असतात हे समजल्याशिवाय या सामन्यांतला जीव समजत नाही. ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्या मुलीला क्रमवारीचे २००० गुण मिळतात. त्याखाली डब्ल्यूटीएच्या, म्हणजे महिला टेनिस संघटनेच्या, १०००, ५०० आणि २५० च्या स्पर्धा, मग १२५ ची. आयटीएफची हद्द त्याच्याही खाली सुरू होते: डब्ल्यू १००, डब्ल्यू ७५, डब्ल्यू ५०, डब्ल्यू ३५ आणि शेवटी डब्ल्यू १५. हल्ली आकडा म्हणजे विजेतीला मिळणारे गुण. डब्ल्यू १५ ची पहिली फेरी हरली तर हाती शून्य. जागतिक क्रमवारीत नुसतं नाव यायचं तरी तीन स्पर्धांत गुण मिळवावे लागतात, नाहीतर एकूण दहा तरी जमवावे लागतात. आणि गुण कायमचे नसतात. बावन्न आठवडे झाले की ते जातात. गेल्या जानेवारीत कुणी उपांत्य फेरी गाठली असेल, तर यंदाच्या जानेवारीत तेवढंच खेळल्याशिवाय तिला आहे त्या जागीसुद्धा राहता येत नाही.

एका रविवारचा सामना माझ्या मनातून जात नाही. एक मुलगी आपल्याकडची, अठरा-एकोणीसची. दुसरी युरोपातून आलेली, तिशीच्या उंबरठ्यावरची, गुडघ्याखाली पट्टी बांधलेली, सोबत कुणीही नसलेली. बाकावर तिची एकच मोठी बॅग होती. गटिंग केलेल्या तीन रॅकेट, टॉवेल, केळं आणि एक वही. कोर्ट बदलताना ती वहीत बघायची आणि परत ठेवून द्यायची.

पहिला सेट आपल्या मुलीनं ६-४ असा घेतला. तिचा फोरहँड जोरकस होता. समोरचीला बॅकहँडच्या कोपऱ्यात ढकलायचं आणि पुढचा फटका मोकळ्या जागेत मारायचा, हे तिला सुरेख जमत होतं. दुसऱ्या सेटपासून त्या मोठ्या खेळाडूनं खेळच बदलला. चेंडू उंच, संथ आणि कोर्टाच्या मधोमध टाकायला लागली. मधून आलेल्या चेंडूवर कोपरे उघडत नाहीत. ज्या वेगावर आपली मुलगी स्वार होत होती तो वेगच तिला मिळेना. तो स्वतःच्या खांद्यातून काढावा लागला आणि चेंडू वीतभर, बोटभर बाहेर पडायला लागले. बघणाऱ्याला वाटेल, हिचा खेळ अचानक बिघडला. तो बिघडवला जात होता, शांतपणे, एकेक चेंडू करत. दुसरा सेट ३-६.

क्वालिफाइंगला तिसरा सेट खेळवत नाहीत, दहा गुणांचा टायब्रेकर असतो. दीड तास झुंजायचं आणि मग दहा मिनिटांत निकाल. तो ८-८ पर्यंत गेला. सर्व्हिस आपल्या मुलीची होती. पहिली नेटमध्ये, दुसरी लांब. ८-९. पुढची सर्व्हिस त्या बाईंची. वेग काहीच नव्हता, पण चेंडू अंगावर वळणारा, आणि परतीचा फटका जाळीत. संपलं. हस्तांदोलन करताना त्या मोठ्या खेळाडूनं हिच्या पाठीवर थोपटलं, काहीतरी दोन शब्द बोलली, स्वतःच्या रिकाम्या बाटल्या स्वतः गोळा केल्या आणि दुसऱ्या दिवशी सरावाला कोर्ट कधी मिळेल हे विचारायला टेबलाकडे गेली.

माझ्या शेजारी जे गृहस्थ पूर्ण वेळ उभे होते, ते हरलेल्या मुलीचे वडील निघाले. सांगलीकडचे. सामना चालू असताना त्यांनी एक शब्द उच्चारला नव्हता.

“ताई, तुमची मुलगी खेळते का?” त्यांनी विचारलं.

“नाही हो, मी नुसती बघायला येते.”

“क्वालिफाइंग बघायला?” त्यांचा विश्वास बसेना. मग त्यांनी मला अगदी मनापासून धन्यवाद दिले, जणू त्यांच्या घरच्या कार्याला मी लांबून आले होते. मला भरून आलं, कारण मी काहीच केलं नव्हतं. नुसती उभी राहिले होते.

बोलता बोलता ते म्हणाले, “पैसे गेले त्याचं वाटत नाही. ते धरूनच चाललोय. पण हा आठवडा गेला ना, तो कुठून आणायचा?”

हा आठवड्याचा हिशोब मला त्यांच्याकडून नीट कळला. भारतात महिलांच्या आयटीएफ स्पर्धा लागून लागून येतात. थंडीत एका शहरात एक आठवडा, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या शहरात, मग तिसऱ्या. तेवढ्या काळात घरचं जेवण, ओळखीची हवा, रेल्वेचं तिकीट आणि थोड्या वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारी न बघता आयोजक देतात त्या जागा. मग हा हंगाम संपतो आणि मुलींना बाहेर पडावं लागतं. बाहेर म्हणजे ट्युनिशियातलं मोनास्तिर, इजिप्तमधलं शर्म अल शेख, तुर्कीतलं अंताल्या. ही समुद्रकाठची पर्यटनाची गावं. तिथल्या हॉटेलांच्या कोर्टांवर आठवड्यामागून आठवडे डब्ल्यू १५ स्पर्धा चालतात. मुली एकेका ठिकाणी मुक्काम ठोकून त्या सलग खेळतात. सोबत आई किंवा वडील, बऱ्याचदा तेही नाहीत. मोनास्तिरला पहिल्या फेरीत हरलेल्या मुलीनं उरलेला आठवडा काय करायचं? सराव करायचा, हॉटेलच्या खोलीचं भाडं भरत राहायचं आणि पुढच्या सोमवारची वाट बघायची.

तिथं पहिल्या फेरीत हरणारीला दीडशे डॉलरच्या आसपास मिळतात, त्यातूनही कर कापून. विजेतीलासुद्धा अडीच हजार डॉलरच्या आतच. याउलट २०२४ च्या विम्बल्डनमध्ये मुख्य फेरीचा पहिलाच सामना हरलेल्या खेळाडूला ६०,००० पौंड मिळाले. क्वालिफाइंगचा पहिला सामना हरलेलीलाही १५,००० पौंड. तेच खेळाचे नियम, तीच २३.७७ मीटर लांबीची कोर्टं. ग्रँड स्लॅमच्या क्वालिफाइंगला जायचं तर क्रमवारीत साधारण दोनशे तीसच्या आत असावं लागतं. म्हणून साडेतीनशेवरून सव्वादोनशेवर येणं म्हणजे नुसते सव्वाशे क्रमांक वर चढणं नसतं. हा धंदा पोटाला घालणार की घरचं खाणार, ते त्या पट्ट्यात ठरतं. आयटीएफनंच २०१३ सालच्या आकड्यांवरून मोठा अभ्यास केला होता. त्यात असं निघालं की खर्च वजा जाता पैसे उरतात ते जगातल्या पहिल्या सुमारे २५३ मुलींकडे, आणि तेही प्रशिक्षकाचा खर्च धरला नाही तर. बाकीच्या हजारो जणी घरचे पैसे घालून खेळत होत्या.

हजारो. त्या काही हौशी नव्हेत. त्या व्यावसायिक खेळाडू आहेत, त्यांचा दिवस पहाटे सुरू होतो आणि बर्फाच्या पिशवीनं संपतो.

आपल्या देशाची गोष्ट याच पट्ट्यात अडकलेली आहे. सानिया मिर्झा २००७ मध्ये एकेरीत २७ व्या क्रमांकापर्यंत गेली. तिच्यानंतर एकही भारतीय मुलगी एकेरीच्या पहिल्या शंभरात पोचलेली नाही. लोक विचारतात, दुसरी सानिया का होत नाही? मला हा प्रश्न फार निर्दय वाटतो. या प्रश्नामुळे अंकिता रैनासारखी खेळाडू आपल्या डोळ्यांसमोर असून आपल्याला दिसत नाही. अहमदाबादची ही मुलगी टेनिससाठी पुण्यात आली आणि पीवायसी हिंदू जिमखान्यावर हेमंत बेंद्रे यांच्याकडे घडली. तिनं आयटीएफच्या एकेरीत दहाच्या वर विजेतेपदं मिळवली, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत एकेरीचं कांस्य आणलं, २०१९ मध्ये सामंथा स्टोसरला हरवलं. स्टोसर म्हणजे अमेरिकन ओपन जिंकलेली खेळाडू. मार्च २०२० मध्ये अंकिता १६० व्या क्रमांकावर होती. ग्रँड स्लॅमच्या क्वालिफाइंगला ती पुन्हा पुन्हा गेली. २०२१ च्या ऑस्ट्रेलियन ओपनचं क्वालिफाइंग करोनामुळे दुबईत झालं. तिथं ती शेवटच्या फेरीत ओल्गा डॅनिलोविचकडून तीन सेटमध्ये हरली. एक सामना. कुणी माघार घेतली तर क्वालिफाइंगमध्ये हरलेलीला मिळणाऱ्या जागेच्या, म्हणजे लकी लूझरच्या, आशेवर ती मेलबर्नला गेली, विलगीकरणात राहिली, पण एकेरीत जागा मिळाली नाही. दुहेरीत मात्र ती त्या स्पर्धेत खेळली. त्याच मुक्कामात कामिला राखिमोवाबरोबर तिनं डब्ल्यूटीएचं दुहेरीचं पहिलं विजेतेपद मिळवलं. पहिल्या शंभरात ती गेली नाही हे खरं. पण जगातल्या एकशे साठाव्या क्रमांकाची वकील, एकशे साठाव्या क्रमांकाची शल्यविशारद आपल्या गावात असती तर आपण तिला काय म्हटलं असतं?

ऋतुजा भोसलेचंही तसंच. श्रीरामपूरची, पोलीस खात्यातल्या वडिलांची मुलगी. अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठातून खेळली, परत येऊन याच आयटीएफच्या वाटेवर फिरत राहिली. ३० सप्टेंबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर तिनं मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला तिचं नाव कळलं. पहिला सेट २-६ गेला होता. तिथून सामना ओढून आणायची ताकद हांगझोऊत अचानक आली नव्हती. ती अशाच रिकाम्या खुर्च्यांसमोर, पंच वगळता कुणी न बघितलेल्या सामन्यांत कमावलेली होती.

कधीकधी मला लीला राव आठवतात. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री, १९३४ साली. मुंबईच्या सुखवस्तू, विद्वान घरातली. तुकाराम-रामदासांची चरित्रं संस्कृतात लिहिणाऱ्या पंडिता क्षमा राव तिच्या आई, आणि शंकर पांडुरंग पंडित आजोबा. तिच्या काळात विलायतेच्या हिरवळीपर्यंत जायला तसं घरच लागायचं. आज श्रीरामपूरच्या, सांगलीच्या मुलीला तिथं जाण्याचा एक रस्ता तरी आहे, आणि तो डेक्कनसारख्या कोर्टांवरून जातो. म्हणून या स्पर्धा टिकल्या पाहिजेत असं मला पोटतिडकीनं वाटतं.

त्या टिकतीलच असं नाही. मागे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानं ठरवलं की व्यावसायिक खेळाडूंची गर्दी फार झाली आहे, ती कमी करू. २०१९ च्या जानेवारीपासून पंधरा हजार डॉलरच्या, म्हणजे आजच्या डब्ल्यू १५, स्पर्धांतून डब्ल्यूटीएचे गुण मिळणं बंद झालं, त्याऐवजी वेगळे आयटीएफचे गुण आणि वेगळी क्रमवारी. एका फटक्यात असंख्य मुलींची नावं जागतिक क्रमवारीतून पुसली गेली. कागदावर ही व्यवस्था नीटनेटकी दिसत असेल, पण ज्या मुलीनं दोन वर्षं खपून सातशेवा क्रमांक मिळवला होता तिला सांगितलं गेलं की तू आता कुठेच नाहीस. खेळाडूंनी ओरड केली, अर्ज केले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुण परत द्यावे लागले. ते परत मिळाले म्हणून मी आजही रविवारी सकाळी काहीतरी अर्थ असलेला सामना बघू शकते.

घरच्या अंगणात स्पर्धा झाली की काय होतं हे मुंबईत दिसलंच आहे. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर डब्ल्यूटीए १२५ ची मुंबई ओपन होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथं हैदराबादच्या सहजा यमलापल्लीनं पहिल्याच फेरीत अव्वल मानांकित केला डेला हरवलं. डे पहिल्या शंभरातली, सहजा तिनशेच्या खालची. पुढच्या वर्षी कोइंबतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन क्वालिफाइंगमधून वर येत थेट उपांत्य फेरीत गेली. तिथं तिला विजेत्या ठरलेल्या जिल टाइखमाननं हरवलं. परदेशात अशा स्पर्धेच्या क्वालिफाइंगला पोचणंसुद्धा या मुलींना किती अवघड गेलं असतं! आणि एप्रिल २०२५ मध्ये म्हाळुंगे-बालेवाडीला बिली जीन किंग कपची, म्हणजे महिलांच्या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेची, आशिया-ओशनिया गटाची फेरी झाली, तेव्हा श्रीवल्ली भामिदिपतीनं एकेरीचे पाचच्या पाच सामने जिंकले. आपल्या लोकांसमोर खेळताना खांदे कसे सैल सुटतात, ते तिच्या सर्व्हिसमध्ये दिसत होतं.

मुंबईतला आणखी एक सामना मी अनेकांना सांगत असते. नोव्हेंबर २०१७, मुंबई ओपनची अंतिम फेरी. बेलारूसच्या एकोणीस वर्षांच्या मुलीनं स्लोव्हेनियाच्या डालिला याकुपोविचला ६-२, ६-३ असं हरवलं. ती मुलगी आर्यना सबालेंका. पुढे तिनं ऑस्ट्रेलियन ओपन दोनदा, अमेरिकन ओपन दोनदा जिंकली आणि जगात पहिली झाली. तिच्या वाटेवर चर्चगेटजवळची ती कोर्टं होती, हे मुंबईकरांनी अभिमानानं सांगावं.

पण मला सांगायचं आहे ते याकुपोविचबद्दल. ती नंतर पहिल्या सत्तरात गेली, परत खाली आली. जानेवारी २०२० मध्ये मेलबर्नला वणव्यांचा धूर पसरला होता. क्वालिफाइंगच्या सामन्यात पहिला सेट जिंकून, दुसऱ्यात ५-६ असताना ती खोकत खोकत कोर्टावर गुडघ्यांवर कोसळली. सामना सोडावा लागला. मोठ्या खेळाडूंचे सामने अजून सुरू व्हायचे होते. त्या धुरात खेळायला क्वालिफाइंगच्या मुली उतरवल्या गेल्या. ती दृश्यं जगभर दिसली तेव्हा हवेचं काय करायचं याची चर्चा झाली. स्पर्धेची पहिली झळ नेहमी यांनाच लागते, आणि यांच्यापैकी कुणीतरी कोसळल्यावरच व्यवस्था जागी होते, याचा मला राग येतो.

दुसरा राग सट्ट्याचा. सांगलीच्या त्या गृहस्थांनी मला त्यांच्या खिशातला एक फोन दाखवला. तो मुलीचा होता. मागे एकदा मुख्य ड्रॉमध्ये जिंकत आलेला सामना ती हरली आणि संध्याकाळपर्यंत अनोळखी लोकांचे घाणेरडे संदेश येऊन पडले. तेव्हापासून सामना संपला की फोन बाबांकडे. पंचानं टॅबलेटवर गुण नोंदवला की तो क्षणात जगभर पोचतो, आणि कुठल्यातरी देशातला कुणीतरी त्या गुणावर पैसे लावून बसलेला असतो. आयटीएफ आणि डब्ल्यूटीएनं २०२४ सालच्या संदेशांची पाहणी केली. त्यात ४५८ खेळाडूंना उद्देशून सुमारे ८,००० शिवराळ, धमकीचे संदेश सापडले, आणि त्यातले ४० टक्के पैसे हरलेल्या सट्टेबाजांचे होते. दीडशे डॉलर मिळवणाऱ्या मुलीवर हजारो डॉलरचा जुगार खेळायचा आणि ती हरली की तिलाच शिव्या द्यायच्या. याहून हीन काही मला सुचत नाही.

या मुलींसाठी आपण पुण्यात काय करू शकतो, याचा मी खूप विचार करते. पैसे उभे करणं संघटनांचं आणि प्रायोजकांचं काम. आपलं काम जाऊन बघण्याचं. शाळांनी मुलींना घेऊन यावं, विशेषतः टेनिस न खेळणाऱ्या मुलींना. एकट्या आलेल्या परदेशी खेळाडूच्या चांगल्या फटक्यालाही टाळी द्यावी. आणि वर्तमानपत्रांना माझी हात जोडून विनंती आहे. पूर्वी क्रीडा पानाच्या तळाशी बारीक टायपात निकाल छापून यायचे. पहिली फेरी, अमुक वि. वि. तमुक, पुढे गुण. जिंकणारीचं नाव आणि हरणारीचंही. त्या चार ओळी कापून घरोघरी वहीत चिकटवल्या जायच्या. आता जागा नाही म्हणतात. विजेतीचा करंडकासह फोटो येतो तोही आनंदच आहे, पण बत्तीस जणींच्या ड्रॉमध्ये एकतीस जणी हरतात आणि क्वालिफाइंगमधल्या तर मोजल्याही जात नाहीत. ऑनलाइन पानाला तर जागेची अडचणही नसते.

सांगलीच्या त्या मुलीचा निकाल मी दुसऱ्या दिवशी तिन्ही मराठी पेपरांत शोधला. नव्हता. तिच्या वडिलांना विचारलेलं नाही म्हणून नाव लिहीत नाही, पण निकाल लिहिते. महिला एकेरी, क्वालिफाइंग, पहिली फेरी: ४-६, ६-३, १०-८. दोघी उत्तम खेळल्या.